रॅम झाडून घेणारी माणसं

नांदेडहून लातूरला निघालेली एसटी लोहा सोडून पुढे लागली की मोबाईलची रेंज कमी-जास्त व्हायला लागते. रेंज गेली की माणसाला आपल्या मोबाईलकडे नीट बघायला वेळ मिळतो. मग अंगठा हलतो. खालून वर, खालून वर. व्हॉट्सॲप उडतं, मागोमाग यूट्यूब, फोनपे, कालपासून उघडा राहिलेला कॅलक्युलेटर आणि कधीतरी चुकून उघडलेला, उत्तर दिशा शोधत बसलेला कंपास. शेवटी पडदा कोरा होतो आणि माणूस मागे रेलून डोळे मिटतो.

"काय करायलाव?" शेजारचा विचारतो.

"काही नाही, मागचं बंद करायलोय. मागं चालू राहिलं की बॅटरी खातंय."

शेजारचा मान डोलावतो, खिशातून आपला मोबाईल काढतो आणि कामाला लागतो. माळाकोळीपर्यंत अख्खी रांग स्वच्छ झालेली असते. अहमदपूरला रेंज येते, आणि गाडी स्टँडात शिरायच्या आत सगळ्यांनी व्हॉट्सॲप परत उघडलेलं असतं.

आपल्या पाठीमागे काहीतरी चालू आहे, आणि जे चालू आहे ते आपलंच काही ना काही खात आहे, हा संशय मराठवाड्याला नवा नाही. आमच्याकडे पोर बोलायला लागलं की आई-बाबांच्या मागोमाग अनुशेष हा शब्द त्याच्या कानावर पडतो. त्यामुळे मोबाईलने 'मागे' काहीतरी ठेवलं आहे म्हटल्यावर त्याच्यावर कारवाई करायला आम्हाला जास्त पुरावा लागत नाही.

पुरावा लागलाच तर तो मोबाईलच्या दुकानात मिळतो. नांदेडला वजिराबादेत कुठल्याही दुकानात जा आणि "मोबाईल लटकायलाय" एवढंच सांगा. काउंटरमागचा पोरगा तपासणी वगैरे करत नाही. तो चौकोनी बटण दाबतो, उघडी पानं तुमच्यासमोर धरतो आणि खालच्या आवाजात म्हणतो, "बघा काका, किती चालू हायेत मागं." काका शरमतात. आपल्या मोबाईलमध्ये एवढं सगळं उघडं पडलंय, त्यात दोन पानं तर रमीची आहेत, आणि हे चार गिऱ्हाइकांसमोर निघावं! पोरगा एका अंगठ्याने सगळं उडवतो. "आता बघा, मक्खन." मोबाईल खरोखर पळायला लागल्यासारखा वाटतो. काका पैसे विचारतात. "राहू द्या काका, काय त्याचं," असं म्हणत तो काचेवरचा तडा दाखवतो आणि दोन मिनिटांत काका नवी टफन टाकून बाहेर पडतात.

अंगठ्याला रोज एवढे कष्ट नकोत म्हणून या कामासाठी ॲप निघाली. ती ज्याने बनवली त्याला माणसाचं मन फार चांगलं कळत असावं. ॲप उघडलं की आधी लाल रंगात आकडा येतो : रॅम 87 टक्के भरली! मग एक झाडू फिरतो किंवा रॉकेट उडतं. आकडे भराभर खाली येतात. पडदा हिरवा होतो आणि निकाल लागतो : 1.2 जीबी मोकळं झालं. लगेच त्याखाली वजन कमी करण्याच्या चूर्णाची जाहिरात. आयुष्यात एवढ्या झटपट आपण काहीच कमी केलेलं नसतं, त्यामुळे ती जाहिरातही खरी वाटते.

या ॲपची गरज कधीच नव्हती असं म्हटलं तर जुन्या लोकांवर अन्याय होईल. 2008 साली अँड्रॉइडचा जो पहिला मोबाईल बाजारात आला त्याची रॅम 192 एमबी होती. आज एका लग्नपत्रिकेच्या व्हिडिओला तेवढी जागा पुरत नाही. त्या काळात 'ॲडव्हान्स्ड टास्क किलर' नावाचं ॲप जगभर लोकप्रिय झालं. आपल्याकडे 2012 मध्ये मायक्रोमॅक्सचा कॅनव्हास 2 आला. पडदा पाच इंची आणि रॅम 512 एमबी. दार वाड्याचं आणि आत एकच खोली, त्यामुळे माणसं आत काय काय चालू आहे ते बघत बसली तर त्यांचं फार चुकलं नाही. पुढे रॅम दोनाची चार, चाराची आठ झाली. सवय मात्र होती तिथेच राहिली.

मग 29 जून 2020 चा दिवस उजाडला. केंद्र सरकारने एकाच फटक्यात 59 ॲपवर बंदी घातली. टिकटॉक गेल्याचं दुःख गावोगाव झालं. आमच्या भागात तर बांधावर नाचणारी काही चांगली माणसं त्या रात्री कलाकाराची शेतकरी झाली. पण त्याच यादीत क्लीन मास्टर होतं, डीयू क्लीनर होतं, डीयू बॅटरी सेव्हर होतं, व्हायरस क्लीनरही होतं. त्याआधी फेब्रुवारीतच गूगलने जाहिरातींच्या उच्छादावरून सुमारे 600 ॲप आपल्या दुकानातून काढली होती आणि त्यांत क्लीन मास्टरवाल्या चीता मोबाईल कंपनीचा माल होता. एवढे झाडूवाले एकदम गेले म्हणजे देशात मोबाईल जागोजाग तुंबून पडायला हवे होते. तसं काही झालं नाही. मोबाईलला आपला झाडूवाला गेल्याचं कळलंसुद्धा नाही. कळलं ते माणसांना, आणि त्यांनी आठवडाभरात दुसऱ्या नावाचा झाडू शोधला.

आता आत खरं काय चालतं ते सांगतो. हे सांगण्यात कुणाला टफन विकता येत नाही म्हणून सहसा कुणी सांगत नाही.

चौकोनी बटण दाबल्यावर दिसतात ती पानं म्हणजे 'चालू असलेल्या' ॲपची यादी नाहीच. तुम्ही अलीकडे काय काय उघडलं त्याची ती यादी आहे. पटत नसेल तर मोबाईल बंद करून परत चालू करा. बहुतेक मोबाईलमध्ये कालची पानं जशीच्या तशी दिसतील. त्यांतली बरीचशी ॲप झोपलेली असतात, काही तर मेमरीत नसतातच; नुसता फोटो टांगलेला असतो. आणि आपण बसमध्ये बसून त्या फोटोंना हाकलत असतो.

जी खरोखर मेमरीत असतात त्यांची व्यवस्था अँड्रॉइड स्वतः बघतं. प्रत्येक ॲपला तिथे एक आकडा चिकटवलेला असतो. समोर पडद्यावर जे आहे त्याला शून्य. मागे गाणं वाजवतंय त्याला 200. नुकतंच ज्याच्यातून बाहेर आलात त्याला 700. आणि कधीपासून पडून राहिलेल्यांना 900 च्या पुढे. मेमरी कमी पडली की मोठ्या आकड्यापासून एकेकाला निरोप मिळतो. हे काम करणाऱ्या यंत्रणेचं नावच मुळात 'लो मेमरी किलर' आहे. म्हणजे मारेकरी कंपनीनेच नेमून दिलेला, पगार मोबाईलच्या किमतीतच धरलेला, आणि तरी आपण बाहेरून दुसरा बोलावतो. त्या बाहेरच्याला कोण झोपलंय आणि कोण कामात आहे यातलं काही कळत नाही. तो दिसेल त्याला झोडपतो. अलीकडच्या मोबाईलमध्ये तर मागे गेलेली ॲप अक्षरशः गोठवून ठेवतात. मेमरीत असतात, पण प्रोसेसरचा एक क्षणही त्यांना मिळत नाही. आणि रॅम भरलेली असो की रिकामी, तिला वीज लागायची तेवढीच लागते.

हे लातूरकराला कळायला तर सगळ्यांत सोपं पडायला हवं. ज्या गावात नळ रोज येत नाही तिथे भरलेला हौद बघून कुणाच्या पोटात गोळा येतो का? हौद भरलेला आहे म्हणजे सकाळी पाण्यासाठी धावायला नको. रॅम भरलेली आहे म्हणजे व्हॉट्सॲप बोट लावताच उघडणार, त्याला आतल्या साठवणीतून पुन्हा वर ओढून आणायला नको. जी रॅम रिकामी आहे ती नुसतीच पडून आहे, तिचा कुणाला उपयोग नाही. 2016 च्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती 144 कलम लावावं लागलं होतं. 12 एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आणि ती बघायला आलेली माणसं पाण्याकडे बघत होती की डब्यांकडे हे त्यांनाही सांगता आलं नसतं. ते दिवस ज्याने काढले तो माणूस संध्याकाळी हौदाचं झाकण उघडून "अरे बापरे, 87 टक्के भरलाय!" म्हणत सगळं पाणी मोरीत सोडून देईल का? तोच माणूस मोबाईलची रॅम मात्र रोज रात्री मोरीत सोडतो आणि 'मोकळं झालं' म्हणून समाधानाने झोपतो.

गंमत म्हणजे तो मार्च दुसऱ्याही एका गोष्टीसाठी लक्षात ठेवावा. आयफोनच्या एका मालकाने ॲपलचे मुख्याधिकारी टिम कुक यांनाच मेल टाकला : तुम्ही ॲप बंद करत राहता का, आणि बॅटरीसाठी ते करावं लागतं का? उत्तर आलं ते ॲपलमध्ये सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या क्रेग फेडेरिगी यांच्याकडून. दोन्ही प्रश्नांना मिळून एका ओळीचं, आणि त्या ओळीचा मजकूर एवढाच की नाही आणि नाही. लातूरला तेव्हा टँकरच्या चिंतेत हे उत्तर पोचलं नाही, ते ठीकच. पण नंतरही पोचलेलं दिसत नाही.

बंद केल्याने नुकसान काय, असं कुणी विचारेल. ॲप मारलं की ते मरून पडत नाही. पुष्कळ ॲप अशी लिहिलेली असतात की मारलं की थोड्या वेळाने स्वतःहून उठतात. उठताना सगळी तयारी पहिल्यापासून, प्रोसेसर पूर्ण वेगाने, बॅटरी त्या हिशेबात. मग झाडूवाल्याला परत दिसतं की कोणीतरी उठलं. तो परत झोडपतो. ते परत उठतं. रात्रभर हा तमाशा आणि सकाळी आपण म्हणतो, "बघा, बॅटरी खाल्ली की नाही? म्हणून तर बंद करत असतो." शिवाय कोण उठतंय यावर पाळत ठेवायची तर झाडूवाल्याला स्वतः चोवीस तास मागे चालू राहावं लागतं. मागे चालणाऱ्या सगळ्यांचा बंदोबस्त करणारं ॲप मागेच चालतं, हे सहकाराच्या आणि शिक्षणसंस्थांच्या मुलखात समजावून सांगायची गरज पडू नये.

माझे लातूरचे मामा मार्केट यार्डात आडतीवर मुनीम होते. तुरीचा आणि सोयाबीनचा हिशेब संध्याकाळी मिटवल्याशिवाय ते कधी उठले नाहीत. निवृत्तीनंतर हिशेब मिटवायला मोबाईल राहिला. त्यांच्याकडचं ॲप जरा वरच्या जातीचं होतं. नुसतं हाकलणारं नव्हे. सेटिंगमध्ये शिरून प्रत्येक ॲपचं 'फोर्स स्टॉप' बटण एकामागून एक स्वतः दाबणारं. यासाठी त्याने मामांकडून ॲक्सेसिबिलिटीची परवानगी घेतली होती. दृष्टी अधू असणाऱ्यांना, हात नीट चालत नसणाऱ्यांना मोबाईल वापरता यावा म्हणून ही सोय आहे. जो ती घेतो त्याला तुमचा पडदा वाचता येतो आणि तुमच्या वतीने बटणं दाबता येतात. मामांनी सोयाबीनच्या व्यापाऱ्याला कोऱ्या कागदावर कधी सही दिली नाही. या झाडूवाल्याला मात्र दिली, कारण त्याने पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'कृपया' लिहिलं होतं.

रात्री दहाला दूध पिऊन मामा बटण दाबायचे. पडद्यावर सेटिंगची पानं आपोआप उघडायची, मिटायची. भूत शिरल्यासारखं ते दृश्य मामा चष्मा लावून शेवटपर्यंत बघायचे.

मामांच्या गल्लीचा एक पाण्याचा ग्रुप आहे. नळ कधी येईल ते नक्की नसतं. बऱ्याचदा पहाटे, सगळं गाव गाढ झोपलेलं असताना. ज्याला आधी कळेल त्याने 'पाणी आलं' असं टाकायचं आणि बाकीच्यांनी उठून मोटार लावायची, अशी व्यवस्था. मामांनी त्या ग्रुपला खास शंखाचा आवाज लावून ठेवला होता. आता फोर्स स्टॉप झालेल्या ॲपची गोष्ट अशी आहे की मालक स्वतः उघडत नाही तोवर ते मेल्यातच जमा. त्याला मेसेज येत नाही, त्याने लावलेला गजरही वाजत नाही. त्या पहाटे शंख वाजला नाही. सकाळी सातला मामांनी चहा घेता घेता व्हॉट्सॲप उघडलं आणि मेसेज एकावर एक पडायला लागले. 'पाणी आलं.' 'कोणाकडं आलं?' 'आलंय आलंय.' 'कोपऱ्यावरच्यांनी मोटार बंद करा, फोर्स कमी झालाय.' 'मुनीमकाका उठले का?' 'गेलं पाणी.' आणि सगळ्यांत शेवटी कमळाचं फूल : शुभ सकाळ, जल हेच जीवन.

मामी मोरीतून बाहेर आल्या. "फोन तेवढा रिकामा करून ठेवलाव," त्या म्हणाल्या, "आता हौद बी तसाच हाय."

दुपारी माझी भाची क्लासमधून आली. ती नीटची तयारी करते, म्हणजे लातुरातल्या निम्म्या पोरांसारखी. तिने मोबाईल हातात घेतला, ॲप काढून टाकलं आणि मग रॅम सोडून गॅलरी उघडली. "आजोबा, रॅमला काही झालं नाही. स्टोरेज बघा." ते बघण्यासारखं होतं. उगवते सूर्य, दवबिंदू, साईबाबा, गजानन महाराज, फुलांच्या परडीतून बाहेर डोकावणारं परदेशी बाळ, एकादशीच्या शुभेच्छा. त्याच एकादशीच्या चौदा शुभेच्छा, चौदा माणसांकडून, फूल एकच.

मोबाईल खरा लटकतो तो यामुळे. रॅम हे काम करायचं टेबल आणि स्टोरेज हे गोदाम, गोदाम शिगोशिग भरलं की टेबलावरचं कामही अडतं. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, डेटा पाण्याच्या भावाने मिळायला लागला (लातूरच्या पाण्याच्या नव्हे, इतर गावांच्या), आणि देशात शुभ सकाळचा सुकाळ झाला. 2018 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने यावर बातमी केली. वेस्टर्न डिजिटल या कंपनीच्या हवाल्याने त्यात म्हटलं होतं की भारतात दर तीन स्मार्टफोनधारकांपैकी एकाची जागा रोज संपते. अमेरिकेत दहातल्या एकाची. मोबाईल का अडकतात याचा शोध घेता घेता गूगलचे लोक या फुलांपाशी येऊन पोचले. त्या सुमारास 'फाइल्स गो' नावाचं ॲप त्यांनी मुद्दाम अशा मोबाईलसाठी काढलं होतं. ते अजूनही 'फाइल्स बाय गूगल' या नावाने बऱ्याच मोबाईलमध्ये आधीपासूनच असतं आणि कुणी ते उघडत नाही, कारण त्यात रॉकेट नाही.

भाचीने फुलं पुसायला घेतली तर मामा कासावीस झाले. "आगं, ते राहू दे की. ते लोकांनी पाठवलेलं हाय." चालतं-बोलतं व्हॉट्सॲप रोज रात्री मारताना त्यांचा हात कधी थरथरला नव्हता.

एखादं ॲप कधीच बंद करू नये, असं मात्र मी म्हणत नाही. एखादं अडकतं, पडदा हलत नाही, तेव्हा तेवढं एक उडवावं. नकाशा रस्ता सांगत राहिला आणि तुम्ही लातूरला पोचून जेवायला बसलात, तरी तो "पुढे डावीकडे वळा" म्हणत बॅटरी पीत बसतो; त्याला गप्प करावं. आणि दोन जीबीचा मोबाईल असेल तर त्याचं दुःख वेगळंच. शेतात उभं राहून कसला तरी फॉर्म भरायचा, पिकाचा फोटो काढायला कॅमेरा उघडायचा, आणि परत यावं तर फॉर्म पहिल्यापासून कोरा. तिथे मोबाईलने स्वतःच जागेसाठी मागचं ॲप मारलेलं असतं. या माणसाला झाडू नको आहे, रॅम हवी आहे; आणि ती कुठल्याही ॲपमधून डाऊनलोड होत नाही. दुकानदार आजकाल 'आठ प्लस आठ, सोळा जीबी' म्हणून सांगतात. त्यातले दुसरे आठ स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात, वेगाने पहिल्या आठांच्या जवळपासही नसतात. गिऱ्हाईक ते सोळा जीबी पैसे मोजून घेतं, घरी आणतं आणि रोज रात्री रिकामे करून ठेवतं.

झाडूवाल्यांचे दिवस आता अँड्रॉइडनेही कठीण केले आहेत. 2023 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 14 पासून मागची प्रक्रिया बंद करण्याची जी अधिकृत आज्ञा होती ती ॲपला फक्त स्वतःपुरती वापरता येते. दुसऱ्याला मारायला गेलं तर काही होत नाही. रॉकेट तेवढं उडतं. आकडाही येतो. कंपन्यांनी आपापल्या मोबाईलमध्ये जे फुलीचं बटण दिलेलं असतं ते चालूच आहे. एवढे लोक दाबतात म्हटल्यावर ते काढायची हिंमत कोण करणार?

मे महिन्यात मामा लग्नाला नांदेडला आले होते. पारा 43 अंशांवर, मांडवात वीज गेलेली, तीन कूलर तोंड वासून गप्प उभे, आणि पंगत दीड तास लांबलेली. मामा मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाचेबुवा, ते झाडायचं ॲप मी पुन्हा नाही टाकलं बरं का. तुमचं पटलं मला."

मी म्हटलं, "बरं केलंत."

"हे वेगळं हाय." त्यांनी मोबाईल पुढे केला. "हे फोन थंड करतंय."

पडद्यावर निळं बटण होतं. मामांनी ते दाबलं. वरून बर्फाचे कण पडायला लागले, भुरभुर, भुरभुर. थर्मामीटरचा पारा खाली सरकला. खाली अक्षरं आली : तापमान 4 अंशांनी कमी झाले. मोबाईल माझ्या हातात इस्त्रीसारखा तापलेला होता. सॉफ्टवेअरकडे पंखाही नसतो आणि बर्फही नसतो, ते फार तर चारदोन ॲप मारून आकडा बदलू शकतं, हे मी सांगायला तोंड उघडलं. पण तोवर मांडवातले सात-आठ जण भोवती जमले होते. "काय हाय, बघू." "मला बी पाठवा." "फुकट हाय का?" मामांनी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा बर्फ पडला.

नवरदेवाचे चुलते फेटा काढून, उपरण्याने वारा घेत मागे उभे होते. त्यांनी वाकून पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मुनीमसाहेब, जरा इकडं धरा की माझ्याकडं."